पार्श्वभूमी : धरण धडधाकट, तरी शेरा ‘उच्च धोका’

अमेरिकेतल्या धरणांच्या सरकारी यादीत एखाद्या नावापुढे ‘उच्च धोका’ असं दिसलं की मथळा तयारच असतो : अमुक धरण धोकादायक. प्रत्यक्षात हा शेरा धरणाबद्दल काहीच सांगत नाही. भिंत नवी असो की शंभर वर्षांची, सांडवा (जादा पाणी सोडायची वाट) धड असो की उखडलेला, त्याच्याशी या शेऱ्याला देणंघेणं नाही. हे धरण फुटलं तर खाली माणसं मरतील का, एवढंच त्यात पाहिलेलं असतं. धरणाची तब्येत कशी आहे हे शेजारच्या, वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. इंग्रजीत ‘हॅझार्ड’ आणि ‘रिस्क’ हे निदान दोन शब्द आहेत. आपल्याकडे दोन्ही धोक्यातच जमा. ‘जोखीम’ उरली विम्याच्या कागदांपुरती. जोखमीत दोन गोष्टींचा गुणाकार असतो : धरण फुटण्याची शक्यता आणि फुटल्यावर होणारं नुकसान. ‘उच्च धोका’ हा शेरा हॅझार्डचा, आणि हॅझार्डच्या वर्गात यातली फक्त दुसरी गोष्ट येते. इंग्रजी जाणणारेही यात अडखळतातच. ब्रिटनने २०१० च्या कायद्यात जलाशयांसाठी चक्क ‘हाय रिस्क’ हा शब्द घातला आणि व्याख्या मात्र परिणामांची ठेवली : पाणी अनावर सुटलं तर माणसाच्या जिवाला धोका पोचू शकतो का? फुटण्याची शक्यता त्यात मोजलेलीच नाही. आपला जलाशय सांभाळून ठेवणाऱ्या मालकाला ‘जास्त जोखमीचा’ हा शिक्का खटकला तर त्याला दोष देता येणार नाही.

वर्गवारी नव्हती तेव्हाही धरणं फुटतच होती. १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या वरचं धरण पहिल्यांदा भरत असतानाच फुटलं आणि सुमारे २४० माणसं गेली. पेनसिल्व्हेनियात १८८९ मध्ये साउथ फोर्क धरण फुटून जॉन्सटाउन वाहून गेलं. मृतांचा आकडा २,२०९. वेल्समधल्या डॉलगॅरॉगला १९२५ मध्ये १६ जण दगावले आणि त्यातून १९३० चा ब्रिटिश कायदा आला. कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण १९२८ च्या मार्चमध्ये मध्यरात्री कोसळलं, चारशेहून जास्त बळी घेऊन. ते जेमतेम दोन वर्षांचं होतं, आणि त्याच दिवशी, बारा तास आधी, मुख्य अभियंत्याने पाझर पाहून ‘चिंतेचं कारण नाही’ असा निर्वाळा दिला होता. पुढच्याच वर्षी राज्याने धरणांवर देखरेखीचा कायदा केला.

आजच्या रकान्यांची मुळं मात्र १९७० च्या दशकात आहेत. २६ फेब्रुवारी १९७२ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि १२५ माणसं मेली. चार दिवस आधी तपासणी झाली होती आणि शेरा होता ‘समाधानकारक’. त्याच वर्षी अमेरिकेत देशभरच्या धरणांची यादी आणि तपासणी यासाठी कायदा झाला. यादी झाली, सुमारे ५० हजार धरणांची. तपासणीसाठी पैसेच दिले गेले नाहीत. पाच वर्षं कागद तसाच राहिला.

दरम्यान १९७६ च्या जूनमध्ये आयडाहोतलं टेटन धरण पहिल्या भरणीतच गेलं. मातीच्या भरावातून पाण्याने आतल्या आत वाट कोरली, सकाळी दिसलेली गळती दुपारपर्यंत भगदाड झाली. ११ बळी. ते सरकारने स्वतः बांधलेलं, अगदी कोरं धरण होतं. नंतर नोव्हेंबर १९७७ मध्ये जॉर्जियातल्या टोकोआला एक जुनं, छोटं, फारसं कुणाच्या खिजगणतीत नसलेलं धरण रात्री फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारात ३९ जण मेले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष त्याच राज्यातले. तपासणीसाठी पैसे निघाले. १९७८ ते १९८१ या काळात ‘उच्च’ वर्गातली, केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली सुमारे ८,८०० धरणं तपासली गेली आणि जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली. म्हणजे वर्गवारीचा मूळ उपयोग साधा होता : माणसं आणि पैसा अपुरे आहेत, तर आधी कुठे जायचं? तो रांगेचा क्रमांक होता. रोगाचं निदान लोकांनी नंतर त्यात वाचलं.

१९९८ मध्ये अमेरिकेत या वर्गांच्या व्याख्या एकसारख्या करण्यात आल्या. जीवितहानी संभवत असेल तर उच्च. जीव जाणार नाहीत, पण आर्थिक वा पर्यावरणाचं मोठं नुकसान होईल तर मध्यम. नुकसान बहुतेक मालकाच्याच जमिनीपुरतं राहणार असेल तर कमी. खरी मेख ‘संभवत असेल’ या शब्दांत आहे. एका घराच्या वरचं धरण आणि शहराच्या वरचं धरण एकाच वर्गात बसतात. काठावर क्वचित येणारा मासेमार मात्र धरला जात नाही. माझ्या मते ‘एक जीव म्हणजे उच्च’ ही रेघ नैतिकदृष्ट्या बरोबर आहे, पण क्रम लावण्याच्या कामी ती बोथट होते. अमेरिकेच्या यादीत आज ९० हजारांहून जास्त धरणं आहेत आणि उच्च वर्गातली सोळा हजारांच्या वर. रांगेत इतके जण उभे असतील तर रांगेला अर्थ काय राहिला?

शिवाय धरण जागचं हलत नाही, वर्ग हलतो. शेतजमिनीच्या वर बांधलेला बांध ‘कमी’ वर्गात जातो. पुढे तीस वर्षांत खाली घरं उठतात, आणि भिंतीचा एक दगडही न सरकता ते धरण ‘उच्च’ व्हायला हवं. कागद बदलायला उशीर लागतो. हवाईतलं का लोको धरण २००६ मध्ये फुटून सात जण मेले, तेव्हा नोंदीत ते ‘कमी’ होतं. नेब्रास्कातलं १९२७ चं स्पेन्सर धरण मार्च २०१९ मध्ये पूर आणि बर्फाच्या लाद्यांनी फोडलं. धरणाला लागूनच खाली राहणारा एक माणूस वाहून गेला. त्या धरणाचा वर्ग होता ‘मध्यम’.

तब्येतीचा रकाना त्या मानाने नवा. त्यात समाधानकारक, बरी, वाईट, असमाधानकारक असे चार शेरे, आणि पाचवा ‘मूल्यांकन नाही’. यातला ‘बरी’ सगळ्यात फसवा : नेहमीच्या स्थितीत ठीक, क्वचितच्या मोठ्या पुरात किंवा भूकंपात त्रुटी उघडी पडू शकते. आणि मुळात हे शेरे बरेचसे डोळ्यांनी दिसेल त्यावर अवलंबून. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या सांडव्याला २०१७ मध्ये खड्डा पडला आणि १ लाख ८८ हजार लोकांना घरं सोडावी लागली. काँक्रीटच्या लादीखालचा खडक झिजका आहे हे बांधकामाच्या काळच्या भूगर्भीय कागदांत होतं. वरून फिरणाऱ्या तपासनिसाला ते कसं दिसणार?

२००१ च्या हल्ल्यांनंतर ही माहिती सुरक्षेच्या नावाखाली बरीच झाकली गेली. तब्येतीचे शेरे सर्वांसाठी मोठ्या प्रमाणावर खुले झाले ते २०२१ मध्ये.

त्याआधीच्या वर्षी, १९ मे २०२० ला, मिशिगनमधलं १९२४ चं एडनव्हिल धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं सॅनफर्डही गेलं आणि दहा हजारांवर लोक हलवले गेले. जीव कोणाचा गेला नाही. या धरणाचा सांडवा मोठ्या पुराला पुरणार नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. त्यापायी सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला आणि धरण राज्याच्या देखरेखीखाली आलं. पुढच्याच महिन्यात राज्याच्या पाहणीत बांधकामाची स्थिती ‘बरी’ ठरली. प्रत्यक्षात पाणी माथ्यावरून गेलंच नाही. भरावातली सैल वाळू पाण्याच्या दाबाने क्षणात पातळ झाली आणि बांधाचा तुकडा खाली घसरला. सांडव्याच्या वादाच्या कागदांत त्या वाळूचा प्रश्न कुठेच नव्हता.