नेम्ड व्हॉल्यूम की बाइंड माउंट? नेक्स्टक्लाउडचा डेटा नेमका कुठे जातो

घरच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (फोटो-फाइलींसाठी स्वतःचं क्लाउड) आणि त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस डॉकर कंपोजने (एका फाइलीतून अनेक कंटेनर चालवणारं साधन) चढवताना त्या फाइलीत 'व्हॉल्यूम्स' या एकाच शीर्षकाखाली दोन निराळ्या गोष्टी लिहिता येतात. दोन्हींची ओळ सारखीच दिसते: कोलनच्या डावीकडे होस्टची, म्हणजे तुमच्या मशिनची बाजू, उजवीकडे कंटेनरमधला (प्रोग्राम ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो त्यातला) पाथ. फरक डाव्या बाजूच्या पहिल्या अक्षरात असतो. तिथे स्लॅश किंवा डॉट-स्लॅश असेल तर तो बाइंड माउंट, म्हणजे तुम्ही सांगितलेलं, तुमच्याच डिस्कवरचं फोल्डर. नुसतं नाव असेल तर नेम्ड व्हॉल्यूम. त्याची जागा डॉकर ठरवतो. लिनक्सवर ती सहसा '/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स'मध्ये सापडते.

डॉट-स्लॅश लिहायचं राहिलं तर कंपोज 'हा व्हॉल्यूम कुठे जाहीर केलेला नाही' म्हणून अडतो, आणि ते बरंच आहे. 'डॉकर रन' (कंपोजशिवाय कंटेनर सुरू करायची कमांड) मात्र मुकाट्याने त्या नावाचा नवा व्हॉल्यूम बनवतो. मग तुम्ही आपलं फोल्डर उघडून बघत बसता आणि ते रिकामंच असतं.

पहिल्यांदा सुरू होतानाही दोघांचं वागणं वेगळं. नेम्ड व्हॉल्यूम रिकामा असेल तर इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्यात) त्या पाथवर जे काही आहे ते डॉकर त्यात कॉपी करतो. बाइंड माउंट कॉपी करत नाही, इमेजमधलं झाकून टाकतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या '/ईटीसी/एन्जिनएक्स'वर रिकामं फोल्डर बाइंड केलं की त्याला स्वतःची कॉन्फिग फाइल सापडत नाही आणि कंटेनर लगेच बंद पडतो. एकच फाइल बाइंड करायची असेल तर ती आधी बनवून ठेवा. नसेल तर कंपोज त्याच नावाचं फोल्डर तयार करतो आणि 'नॉट अ डिरेक्टरी' असा एरर येतो. ते फोल्डर काढा, खरी फाइल ठेवा, मग पुन्हा 'अप' करा, म्हणजे 'कंपोज अप'ने कंटेनर सुरू करा.

बाइंड माउंटमध्ये खरी डोकेदुखी परवानग्यांची. लिनक्स नाव बघत नाही, यूजरचा नंबर बघतो. नेक्स्टक्लाउडच्या डेबियनवरच्या इमेजमध्ये हा नंबर 33, तर होस्टवर तुमचा बहुधा 1000. फोल्डर समोर दिसतं म्हणून त्यात फोटो थेट टाकले, तर ते नेक्स्टक्लाउडमध्ये उमटत नाहीत, कारण फाइलींची यादी डेटाबेसमध्ये असते. आधी 'चोन' (chown) या कमांडने मालकी 33 कडे द्या, मग कंटेनरमध्ये त्याच यूजरने 'पीएचपी ऑक फाइल्स:स्कॅन --ऑल' (php occ files:scan --all) चालवा, म्हणजे ती यादी ताजी होते.

नेम्ड व्हॉल्यूमचा धोका निराळा. 'कंपोज डाउन'ने (कंटेनर बंद करून काढून टाकणाऱ्या कमांडने) डेटा जात नाही, पण त्यापुढे '-व्ही' लावलं की फाइलमध्ये जाहीर केलेले नेम्ड व्हॉल्यूमही पुसले जातात. बाइंड केलेलं फोल्डर तसंच राहतं. याहून फसवं प्रकरण नावाचं आहे. कंपोज व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव जोडतो आणि ते एरवी फोल्डरच्या नावावरून घेतो. सगळं नेम्ड व्हॉल्यूममध्ये असताना फोल्डरचं नाव बदलून 'अप' केलं, तर नवे कोरे व्हॉल्यूम तयार होतात आणि समोर इन्स्टॉलेशनची स्क्रीन येते. घाबरू नका, 'डॉकर व्हॉल्यूम एलएस'मध्ये जुने व्हॉल्यूम दिसतील. कंपोज फाइलच्या सुरुवातीलाच 'नेम:' लिहून जुनं प्रोजेक्ट-नाव पक्कं करा.

आमचं मत स्पष्ट आहे: डेटाबेस नेम्ड व्हॉल्यूममध्ये, फोटो आणि हाताने बदलायच्या कॉन्फिग फाइली बाइंड माउंटमध्ये. विंडोज-मॅकवर तर हे पाळाच. तिथे डॉकर डेस्कटॉप व्हर्च्युअल मशिनमध्ये चालतो आणि बाइंड माउंटवरचा डेटाबेस रखडतो. बॅकअपसाठी चालू पोस्टग्रेसच्या फाइली कॉपी करू नका, मग त्या कुठेही असोत. आधी नेक्स्टक्लाउड मेंटेनन्स मोडमध्ये टाका (वापर तात्पुरता थांबवा), मग 'पीजी_डम्प'ने डेटाबेसची प्रत घ्या आणि त्याच वेळी फोटोंचं फोल्डर 'आरसिंक' या कॉपी करायच्या साधनाने उचला.

डावी बाजू बरोबर असूनही उजवी चुकू शकते. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये आवृत्ती 17 पर्यंत पाथ '/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल/डेटा' असा हवा. शेवटचं 'डेटा' गाळलं तर डेटा डॉकरने आपोआप बनवलेल्या एका निनावी व्हॉल्यूममध्ये जातो आणि 'डाउन' करून 'अप' केल्यावर डेटाबेस कोरा दिसतो. 18 पासून नेमकं उलट: माउंट '/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल'वरच करायचा. त्यामुळे जुनी कंपोज फाइल उचलून फक्त टॅग (इमेजच्या नावापुढचा आवृत्तीचा नंबर) बदलू नका.