लेडी ससून (व्यक्तिचित्र, १९०७)

जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचं तैलचित्र, उंची साधारण सव्वापाच फूट. चित्रातली बाई म्हणजे अलीन, पॅरिसच्या रॉथशील्ड या बड्या बँकर घराण्यातली मुलगी. १८८७ ला एडवर्ड ससूनशी लग्न झालं आणि १८९६ ला सासरे वारल्यावर बॅरोनेट ही वंशपरंपरेची ब्रिटिश पदवी नवऱ्याकडे आली, तशी ती लेडी ससून झाली.

हे ससून म्हणजे आपल्या पुण्याच्या स्टेशनजवळच्या हॉस्पिटलवालेच. ते हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससून अलीनचे आजेसासरे. बगदादहून मुंबईत आले, कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट पैसा केला, १८६४ ला पुण्यातच वारले, कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. मुलगा अल्बर्ट म्हणजे कुलाब्याच्या ससून डॉकचे, नातू एडवर्ड जन्मला मुंबईत पण घराणं इंग्लंडला जाऊन तिथल्या उमरावांत मिसळलं आणि तो १८९९ पासून पार्लमेंटातही होता. त्यामुळे हे चित्र लंडनच्या हाय सोसायटीचं म्हणून सोडून देता येत नाही, त्यातल्या थाटामागे आपल्याकडचा व्यापार आहे.

चित्रात बघायचा तो झगा. काळ्या टॅफेटा सिल्कचा, ऑपेराला जाताना वरून घ्यायचा, आतून गुलाबी सॅटिनचं अस्तर. सार्जंटने तो नुसता अंगावर घालू दिला नाही, ओढून, गुंडाळून, पिना लावून असा बसवला की अस्तर बाहेर वळलं आणि काळ्या रंगातून गुलाबी पट्टा वळत खाली उतरला, सगळ्या चित्राला जी हालचाल आहे ती त्या एका पट्ट्याने. हे आपण खात्रीने बोलू शकतो कारण खरा झगा घरच्यांनी जपून ठेवलाय, आणि २०२३ ला बोस्टनला व २०२४ ला लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात सार्जंट आणि फॅशन या विषयावर प्रदर्शन झालं तेव्हा तो चित्राशेजारीच मांडला होता. चित्रांच्या प्रदर्शनात कपडे कशाला असं काही समीक्षकांचं म्हणणं पडलं, पण या चित्रापुरतं तरी ते पटत नाही. कपडा शेजारी असला की चित्रकाराने शिंप्याच्या कामात कुठे ढवळाढवळ केली ते सरळ दिसतं, हजार शब्द लिहून ते समजणार नाही.

अलीन स्वतःही हौसेने चित्रं काढायची, सार्जंटशी मैत्री होती. चित्र झाल्यावर दोनच वर्षांत, १९०९ ला ती कॅन्सरने गेली, १९१२ ला एडवर्डही गेला. चित्र आजही खासगी संग्रहात आहे. सार्जंटने पुढे तिच्या दोन्ही मुलांनाही रंगवलं, सिबिलला १९१३ आणि परत १९२२ ला, फिलिपला १९२३ ला, आणि फिलिपचं ते चित्र टेटच्या संग्रहात आहे.