गुडघ्याची 'झीज' हा शब्दच घोळ घालतोय

गुडघेदुखीवर वजन कमी करायच्या इंजेक्शनची चर्चा सध्या सगळीकडे आहे, पण ती कळायला आधी 'झीज' या शब्दाकडे बघायला लागेल. आयुर्वेदात संधिगत वात (हीच ती झीज) वेगळा आणि आमवात (सांधे सुजवणारा) वेगळा, आपण बोलताना दोन्हीला संधिवातच म्हणतो, मग डॉक्टर फरक सांगायला "झीज आहे हो, वयाची" म्हणतात आणि पेशंट घरी येऊन बसतो तो बसतोच. माझ्या आत्याने तेच केलं, मांडीचे स्नायू गेले आणि दुखणं दुप्पट झालं.

इंग्रजीतही भानगड तीच. या झिजेचं तिथलं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस, त्यातलं 'आयटिस' म्हणजे दाह, पण यात दाह नाहीच असं धरून कित्येक जण 'ऑस्टिओआर्थ्रोसिस' लिहायचे. १९५७ साली एक्स-रे वरून ० ते ४ ग्रेड ठरल्या (४ म्हणजे सगळ्यात वाईट), त्या आजही रिपोर्टमध्ये असतात, पण एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, दिसतच नाही, दिसतं ते हाडांमधलं अंतर, आणि कूर्चेला दुखणं कळवणाऱ्या नसाही नसतात म्हणजे दुखतंय ते दुसरंच काहीतरी. म्हणून तर ग्रेड ४ वाला बाजार करून येतो आणि ग्रेड २ वाल्याला जिना उतरवत नाही. एमआरआय आल्यावर सांध्याच्या अस्तराची सूज, कूर्चेखालच्या हाडातले बदल दिसायला लागले. शिवाय कूर्चेला रक्तपुरवठा नाही, तिचं पोषण हालचालीत दाब पडतो-सुटतो त्यातूनच होतं. झिजणाऱ्या टायरचं तसं नसतं ना!

झीज म्हटलं की मग घासून साफ करा, हे ओघानंच आलं. दुर्बिणीने गुडघा धुवायची ऑपरेशनं भरपूर झाली. २००२ मध्ये १८० जणांवरचा अभ्यास आला, त्यात काही जणांना फक्त वरवर चिरे दिले होते, आणि दोन वर्षांनी आराम सगळ्यांना सारखाच! तरी ती ऑपरेशनं लगेच थांबली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. २००६ मध्ये ग्लुकोसामाइन या सांध्यांसाठी घेतात त्या गोळीचंही तसंच, १५८३ लोकांत एकूण बघता औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. रोफेकॉक्सिब हे दुखण्यावरचं औषध हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे २००४ लाच बाजारातून गेलं होतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिलं तर कूर्चा उलट जास्त पातळ होते, हे २०१७ मध्ये कळलं.

आणि मग २०२४, सेमाग्लुटाइड, म्हणजे सुरुवातीला म्हटलं ते वजन कमी करायचं इंजेक्शन. लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेले ४०७ जण, ६८ आठवडे, वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि दुखणंही खोट्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरंच जास्त कमी झालं. आता हे नुसतं भार हलका झाल्यामुळे असेल असं वाटतं, पण लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांचे सांधेही जास्त बिघडतात, आणि बोटांवर कोण चालतं?