वैद्यकीय प्रतिसाद, अग्निशमन दलाचा

वैद्यकीय प्रतिसाद, अग्निशमन दलाचा : आग लागलेली नसताना, केवळ आजाराने वा इजेने कोणाच्या जिवाला धोका निर्माण झाला म्हणून अग्निशमन दलाचे जवान रुग्णवाहिकेच्या बरोबरीने, अनेकदा तिच्याही आधी, घटनास्थळी पाठवण्याची व्यवस्था. हृदयक्रिया अचानक बंद पडणे हे या व्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे प्रयोजन होय. घशात घास अडकणे, जोराचा रक्तस्राव, बेशुद्धी, श्वास लागणे अशा वर्दींवरही जवान जातात. अमेरिकेत अग्निशमन दलांकडे येणाऱ्या वर्दींपैकी सुमारे दोन-तृतीयांश वर्दी वैद्यकीय स्वरूपाच्या असतात. आगीच्या वर्दींचे प्रमाण त्या मानाने फारच थोडे आहे.

प्रकार : एकाच नावाखाली तीन वेगळ्या व्यवस्था मोडतात आणि त्यांची गल्लत झाल्याने इतिहासलेखनात बराच गोंधळ दिसतो. पहिल्या प्रकारात रुग्णवाहिका अग्निशमन दलाच्याच मालकीच्या असतात (डब्लिन, हाँगकाँग, जपानमधील शहरे). दुसऱ्यात रुग्णवाहिका सेवा स्वतंत्र असते व दल फक्त प्रथम प्रतिसादक म्हणून मदतीला जाते (मेलबर्न, ब्रिटनमधील काही परगणे). तिसऱ्यात जवळच्या केंद्रातील बंब प्राथमिक उपचारांसाठी पुढे जातो आणि प्रगत उपचार करणारे पथक त्याच्या मागून येते; सिअ‍ॅटल हे याचे ठळक उदाहरण. पॅरिसमध्ये या तिसऱ्या प्रकाराला लष्करी शिस्तीची व डॉक्टरांच्या प्रत्यक्ष उपस्थितीची जोड आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. डब्लिनच्या अग्निशमन दलाने कॅप्टन पर्सेल यांच्या कारकिर्दीत १८९८ मध्ये घोड्यांची रुग्णवाहिका सुरू केली आणि ती सेवा आजतागायत दलाकडेच आहे. जपानमध्ये योकोहामाच्या अग्निशमन विभागाने १९३३ मध्ये रुग्णवाहिका ठेवली. मात्र रुग्णवहन हे दलांचे कायदेशीर कर्तव्य १९६३ च्या कायदादुरुस्तीनंतर ठरले. न्यूयॉर्कच्या दलात १९१५ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या बचाव पथकाकडे धुरात वापरायच्या श्वसनटोपांबरोबर कृत्रिम श्वसनाचे ‘पल्मोटर’ यंत्रही होते. गुदमरलेल्यांना शुद्धीवर आणण्याची कामगिरी अशा पथकांकडे हळूहळू आली असावी. या टप्प्याची नोंद विखुरलेली आहे.

दुसरे मत असे, की रुग्ण वाहून नेणे म्हणजे वैद्यकीय प्रतिसाद नव्हे; उपचार जागेवर सुरू झाले तेव्हाच ही पद्धत जन्मली. या मताचे अभ्यासक बेलफास्टकडे बोट दाखवतात. तेथील रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात फ्रँक पँट्रिज यांनी जानेवारी १९६६ मध्ये डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र) गाडीत बसवून हृद्‌रुग्णांपर्यंत नेला आणि १९६७ मध्ये त्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या गाडीत डॉक्टर असत, जवान नसत. डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित जवान, हा बदल अमेरिकेत झाला. मायामीत भूलतज्ज्ञ यूजीन नेगल यांनी १९६७ च्या सुमारास अग्निशमन दलाच्या रेडिओवरून रुग्णाचा हृदयालेख रुग्णालयात पाठवण्याची सोय केली. त्यामुळे दूर बसलेला डॉक्टर जवानाला आदेश देऊ शकत असे. सुई टोचण्याचा वा विजेचा झटका देण्याचा अधिकार जवानाला कायद्याने नव्हता, ती अडचण या रेडिओने बऱ्याच अंशी दूर केली. लॉस एंजेलिस परगण्यात १९६९ मध्ये अशा प्रशिक्षित जवानांचे काम सुरू झाले व जुलै १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने त्याला मान्यता दिली. ओहायोतील कोलंबस येथेही त्याच सुमारास अग्निशमन दलाच्या सहभागाने हृदयोपचाराची फिरती गाडी चालू होती. सिअ‍ॅटलमध्ये हृद्‌रोगतज्ज्ञ लेनर्ड कॉब व दलप्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी मार्च १९७० मध्ये ‘मेडिक वन’ ही प्रगत उपचार पथकाची सेवा सुरू केली.

प्रथमत्वाचा मान यांपैकी कोणा एकाला देणे कठीण आहे. १९६६ पासूनचे हे सर्व प्रयोग सुमारे चार वर्षांतले असून त्यांनी एकमेकांची दखल घेतलेली दिसते. तरीही बंब आणि रुग्णवाहिका ‘बरोबरीने’ धाडणे, या अर्थाने पाहिल्यास सिअ‍ॅटलची द्विस्तरीय रचना आजच्या पद्धतीला अधिक जवळची वाटते. डब्लिनचा दावा रुग्णवहनापुरता निर्विवाद आहे.

तात्त्विक आधार : अग्निशमन केंद्रे शहरभर विखुरलेली असतात, कारण आग थांबत नाही. तेथे माणसे रात्रंदिवस तयार असतात आणि बराच वेळ मोकळी असतात. रुग्णवाहिका मात्र एका रुग्णाला रुग्णालयात पोहोचवण्यात तासभर अडकू शकते. हृदयक्रिया बंद पडलेल्या व्यक्तीला सीपीआर (छाती दाबून व श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपाय) न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. जवळचा बंब पाठवण्यामागचे सारे गणित या आकड्यात आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात (पहिली आवृत्ती २००१) एईडी (झटका हवा की नाही हे स्वतः ठरवणारा डिफिब्रिलेटर) घेतलेल्या पहिल्या पथकाच्या प्रवासास २४० सेकंद, तर प्रगत उपचार पथकास ४८० सेकंद अशी मर्यादा आहे. हे सेकंद गाडी दाराशी थांबेपर्यंतचेच असतात. विसाव्या मजल्यावरील रुग्णापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्यांत धरलेला नसतो, ही उणीव गंभीर आहे आणि तुलनात्मक तक्ते वाचताना ती ध्यानात ठेवली पाहिजे.

परिणामकारकता : सिअ‍ॅटलमधील १९८८ च्या अभ्यासात, हृदयाचे जवनिका-कंपन (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरून रक्त ढकलले न जाणे) झालेल्या ज्या रुग्णांवर जवानांनी प्रथम एईडी वापरला, त्यांपैकी ३० टक्के वाचले; जवानांनी फक्त सीपीआर देऊन पॅरामेडिकांची (प्रगत उपचारांचे प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांची) वाट पाहिली, तेथे हे प्रमाण १९ टक्के होते. मेम्फिसमध्ये १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. तेथे पॅरामेडिक जवानांच्या पाठोपाठच पोहोचत असल्याने वाचणारा वेळ थोडा होता, हे स्पष्टीकरण सयुक्तिक वाटते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात जवानांच्या हाती डिफिब्रिलेटर देण्यासह अनेक सुधारणा केल्यावर आठ मिनिटांच्या आत पोहोचण्याचे प्रमाण ७६·७ वरून ९२·५ टक्क्यांवर गेले, आणि रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ३·९ वरून ५·२ टक्के झाले (१९९९). त्याच संशोधनमालेच्या २००४ च्या निष्कर्षानुसार, त्यावर श्वासनलिकेत नळी घालणे व शिरेतून औषधे देणे यांची भर घालूनही हृदयक्रिया बंद पडलेले अधिक रुग्ण वाचले नाहीत. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवल्यास जवानांचे खरे योगदान लवकर पोहोचलेल्या साध्या उपचारांत आहे, असे मत अधिक ग्राह्य ठरते. प्रत्येक बंबावर पॅरामेडिक हवाच, हा आग्रह या पुराव्यावर टिकत नाही.

घटनास्थळीचे काम : रुग्णवाहिकेत बहुधा दोनच माणसे असतात, बंबावर तीन ते पाच. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी. खोल दाबायची असते. दाबणारा लवकर थकतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. दोघांना हे करता करता श्वासमार्ग, एईडी, औषधे आणि नातेवाइकांची चौकशी सांभाळता येत नाही. चार-पाच जण असले की कामे आधीच वाटलेली असतात व दाबण्यात खंड पडत नाही. जड रुग्णाला अरुंद जिन्यावरून उतरवणे, चेंदामेंदा झालेल्या वाहनातून बाहेर काढणे, ही कामे जवानांची नेहमीचीच. पॅरामेडिक पोहोचल्यावर उपचारांचे निर्णय त्यांच्याकडे जातात, घटनास्थळाची सुरक्षितता दलाकडे राहते. कोसळल्याची वेळ, सीपीआर केव्हा सुरू झाला आणि किती झटके दिले, एवढे तोंडी हस्तांतरात सांगितलेच पाहिजे.

फ्रान्समध्ये अग्निशमन दल १८ वर व डॉक्टरांची सेवा १५ वर बोलावली जाते. दोन्ही नियंत्रण कक्ष परस्परांशी जोडलेले आहेत. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तींना तेथे अर्धस्वयंचलित डिफिब्रिलेटर वापरण्याची मुभा १९९८ च्या आदेशाने मिळाली. जपानमध्ये १९९१ च्या कायद्याने आणीबाणीतील जीवरक्षक तंत्रज्ञाची पात्रता निर्माण झाली; पंपगाडी व रुग्णवाहिका एकत्र पाठवण्याची पद्धत तेथे रूढ आहे.

आक्षेप : किरकोळ तक्रारीसाठीही अवजड बंब धाडल्याने इंधन व यंत्रे झिजतात आणि त्या वेळी आग लागल्यास जवळचे केंद्र रिकामे असते. यावर उपाय म्हणून वर्दी घेतानाच ठरावीक प्रश्न विचारून तिची तीव्रता ठरवतात. सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेली प्रश्नावली याचा पाया मानली जाते. वेतन व कामाच्या अटींचा प्रश्न ब्रिटनमध्ये तीव्र झाला. तेथील २०१५ पासूनचे सहप्रतिसादाचे (रुग्णवाहिका सेवेच्या जोडीने जवान पाठवण्याचे) प्रयोग २०१७ मध्ये वाटाघाटींच्या वादात थांबले. लहान गावांत जवानाला ओळखीच्याच माणसाच्या छातीवर हात ठेवावा लागतो आणि बहुतेक वेळा तो माणूस वाचत नाही. मागे राहणाऱ्या मानसिक ताणासाठी मोठ्या दलांनी समुपदेशन व सहकाऱ्यांच्या आधाराची सोय केली आहे. स्वयंसेवी दलांतील जवान वर्दी संपताच आपल्या रोजच्या नोकरीवर परततात, त्यांच्यापर्यंत ही सोय क्वचितच पोहोचते.