पालवणचे बाळू आणि १९३७ची लढत

लष्करात शिरलेल्या कोकणातल्या घराण्यांची पुढची पिढी अनेकदा छावणीच्या गावी जन्मली. मंडणगडजवळच्या आंबडव्याचं मूळ असलेले बाबासाहेब महूला जन्मले, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचं आडनाव लावणारे क्रिकेटपटू बाळू पालवणकर १८७६ साली धारवाडला. ही दोन घराणी पुढे मुंबईत एकमेकांसमोर निवडणुकीला उभी राहिली. ती लढत समजून घ्यायची तर आधी बाळूंची गोलंदाजी बघायला हवी.

चांभार समाजातलं हे कुटुंब, वडील लष्कराच्या चाकरीत. पुण्यात वाढलेल्या बाळूंना आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-रोलर फिरवण्याचं काम मिळालं, मग १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात महिना चार रुपयांवर नोकरी लागली. तिथे ते नेटमध्ये साहेबांना डावखुरी फिरकी टाकू लागले. जे. जी. ग्रेग हा त्यांचा नावाजलेला फलंदाज सरावाला इतरांच्या आधी यायचा, आणि बाळूंनी त्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. तासन् तास टाकलेल्या त्या चेंडूंनी त्यांचा टप्पा आणि दिशा पक्की झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

तेव्हा क्रिकेटचे संघ हिंदू, पारशी, युरोपियन असे समाजावार असत. पुण्यातल्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं ते गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते, की विकेट चालते आणि कप चालत नाही.

पुढे ते मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक ठिकाणी हरला, पण पस्तिशीच्या बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून जास्त बळी घेतले. परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, आणि त्यांच्यासाठीचं मानपत्र लिहिलं ते कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी.

इतकं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितलं, की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचाच होता. १९२०च्या सुमारास त्याच संघात खेळणाऱ्या शिवराम आणि विठ्ठल या बाळूंच्या धाकट्या भावांनी अन्यायाविरुद्ध संघाबाहेर राहणं पत्करलं. अखेर १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाने घासूनपुसून केलेली वाट धाकट्याला चालायला मिळाली.

निवृत्तीनंतरचं आयुष्य आपण पटकन उरकून टाकतो, पण बाळूंच्या बाबतीत तसं करता येत नाही. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न आला तेव्हा ते गांधीजींच्या बाजूला होते, आणि स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा ठरवणाऱ्या १९३२च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पुढच्या वर्षी त्यांनी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला बाळूंचा विरोध होता. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

या एका निवडणुकीवरून त्यांना ‘विकलेले’ ठरवणं मला पटत नाही. हिंदू संघात राहूनच झगडायचं आणि मान मिळवायचा, हे त्यांनी मैदानावर तीस वर्षं केलं होतं, राजकारणातही त्यांनी तेच धरून ठेवलं. बाबासाहेबांनी त्या संघाच्या पॅव्हेलियनवरच प्रश्न उभा केला होता, आणि माझ्या मते ते बरोबर होते. दोघांचा अनुभव एकाच मातीतून आलेला, उत्तरं वेगळी. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.