आत शिरणं वेगळं, रूट होणं वेगळं

मेल सर्व्हरमधलं एखादं भोक जाहीर झालं की वागळे इस्टेटपासून महाप्यापर्यंतच्या माझ्या क्लायंटांचा ठरलेला मेसेज येतो: "सर, यात लोकल लिहिलंय. म्हणजे आपल्याला काही नाही ना?" उरलेले दुसऱ्या टोकाचे. ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ वाचलं की सर्व्हर गेलाच असं धरून चालतात. पहिले पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, टाकत नाहीत. दुसरे मेलची सर्व्हिस बंद करून ठेवतात आणि त्यालाच उपाय समजतात. दोघांनीही रिमोट कोड एक्झिक्युशन आणि प्रिव्हिलेज एस्कलेशन यांची खिचडी केलेली असते.

रिमोट कोड एक्झिक्युशन तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. बाहेरचा माणूस, खातं नाही, पासवर्ड नाही, मेल येण्याच्या दाराशी, म्हणजे पोर्ट २५ वर, काहीतरी वेडंवाकडं पाठवतो आणि तुमच्या मशीनवर त्याचा हुकूम चालतो. बातम्या याच्याच होतात.

प्रिव्हिलेज एस्कलेशनमध्ये मशीनवर कुठल्या तरी साध्या यूजरच्या नावाने हुकूम आधीच चालत असतो, आणि तो यूजर आपली पायरी सोडून वर चढतो, लिनक्सवर बहुधा थेट रूटपर्यंत, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या सर्वाधिकारी यूजरपर्यंत. ठाणे स्टेशनात कुंपणाच्या भगदाडातून फलाटावर येणं एक, आणि सेकंड क्लासच्या पासावर फर्स्ट क्लासमध्ये जाऊन बसणं दुसरं. उपमा इथेच सोडतो, पुढे ती टिकत नाही.

हा दुसरा प्रकार मेल सर्व्हरलाच इतका का चिकटलाय? कारण त्याचं कामच रूटच्या अधिकारांशी बांधलेलं आहे. १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला रूट लागतो. आलेली मेल ज्याच्या त्याच्या मेलबॉक्समध्ये टाकायची तर त्या त्या यूजरचं रूप घ्यावं लागतं, तेही रूटलाच जमतं. शिवाय मशीनवरच्या कुणालाही, अगदी क्रॉनमधल्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, स्क्रिप्टलासुद्धा, मेल रांगेत टाकता आली पाहिजे, पण रांगेची डिरेक्टरी सगळ्यांना मोकळी ठेवून चालत नाही. या शेवटच्या अडचणीवरचा जुना युनिक्स तोडगा म्हणजे सेटयूआयडी. प्रोग्रॅम कुणीही चालवो, तो चालतो फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने. मालक रूट, तर अधिकार रूटचे. सेंडमेल हे जुनं मेल सर्व्हर सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं असंच होतं. २००१ मध्ये ८.१२ आवृत्तीत त्याने रूटचा सेटयूआयडी सोडून वेगळ्या ग्रुपवर काम भागवलं. एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरने तो सोडला नाही. एकच मोठी फाइल, तीच पोर्टवर ऐकते, तीच रांग सांभाळते, तीच डिलिव्हरी करते, आणि तिच्यावर रूटचा सेटयूआयडी. "आमच्याकडे एक्झिम नाहीच" असं म्हणणाऱ्यांनी आधी बघावं: सीपॅनेल हे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल घेतलं असेल तर त्यासोबत एक्झिमच येतो. डेबियन या लिनक्सचाही ठरलेला मेल सर्व्हर तोच.

दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला डिसेंबर २०१० सारखं उदाहरण नाही. एक्झिमसाठी लागोपाठ दोन सीव्हीई, म्हणजे जाहीर झालेल्या भोकांना मिळणारे नंबर, निघाले: सीव्हीई-२०१०-४३४४ आणि सीव्हीई-२०१०-४३४५. लोक अजूनही ‘एक्झिमचं ते २०१० चं भोक’ असं एकवचनात बोलतात, आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

४३४४ मध्ये हल्लेखोर मर्यादेपेक्षा मोठी मेल पाठवतो. सर्व्हर ती नाकारतो आणि नाकारल्याची नोंद करताना तिचे हेडर, म्हणजे पाठवणारा, विषय वगैरे वरच्या ओळी, लॉगमध्ये लिहायला घेतो. ही नोंद जुळवणाऱ्या फंक्शनमध्ये जागा संपली की नाही हे तपासलंच जात नव्हतं. हेडर जागेबाहेर सांडतात, मेमरीत शेजारी असलेल्या एका सेटिंगवर चढतात, आणि पुढच्या मेलच्या वेळी सर्व्हर तो मजकूर आपलंच सेटिंग समजून चालवतो. माणूस आत शिरला. पण कोण म्हणून? डेबियनवर मेल सर्व्हरसाठी बनवलेला एक साधा यूजर असतो, त्याच्या नावाने. रूट अजून लांब आहे.

तिथून पुढे ४३४५. एक्झिम चालवताना ‘नेहमीची सेटिंगची कॉन्फिग फाइल सोड, ही दुसरी घे’ असं सांगता येतं. असं कुणी सोम्यागोम्या सांगत असेल तर एक्झिम आधी रूटचे अधिकार खाली ठेवतो, मग फाइल उघडतो. मात्र एक्झिमच्या स्वतःच्या यूजरने सांगितलं तर घरचाच माणूस म्हणून अधिकार तसेच ठेवत होता. आणि कॉन्फिग फाइलीतून कमांड चालवायची सोय एक्झिममध्ये आहेच. म्हणजे टेम्प डिरेक्टरीत एक फाइल लिहायची, एक्झिमला ती वाचायला लावायची, काम फत्ते. यात मेमरी सांडली नाही, काही फुटलं नाही; प्रोग्रॅमने लिहिल्याप्रमाणेच काम केलं, फक्त विश्वास चुकीच्या यूजरवर ठेवला. ४३४५ एकटं बाहेरच्याच्या उपयोगाचं नाही, ४३४४ एकटं रूट देत नाही. प्रत्यक्ष हल्ले झाले ते जोडीनेच. एक्झिमने ४.७३ आवृत्तीत घरच्या माणसावरचा तो विश्वास काढून टाकला.

आता सगळे जिथे आपटतात त्या जागी येऊ. लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशनसाठी मशीनसमोर माणूस बसलेला असावा लागत नाही. रबाळ्यातल्या तुमच्या ऑफिसात यायला नको, पेन ड्राइव्ह लावायला नको, दुरून लॉगिन करायचा एसएसएचचा पासवर्डही नको. लागतं ते एवढंच की त्या मशीनवर, कुठल्याही फालतू यूजरच्या नावाने का होईना, हल्लेखोराचा कोड चालावा. हल्लेखोर कुठल्याही देशात असो, ‘लोकल’ फक्त त्याचा कोड असतो.

मग आपल्या मशीनवर कोणाकोणाचा कोड चालतो याची उजळणी करा. कंपनीची वर्डप्रेसची साइट, तिच्यात कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकलेलं आणि नंतर कधी न बघितलेलं कॉन्टॅक्ट फॉर्मचं प्लगिन. बॅकअपची स्क्रिप्ट. नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं अजून चालू असलेलं खातं. शेअर्ड होस्टिंग असेल तर त्याच मशीनवरची इतर सगळी गिऱ्हाइकं, ज्यांची तोंडंही तुम्ही पाहिलेली नाहीत. यातल्या कुणाच्याही पीएचपीत भोक सापडलं की हल्लेखोर वेब सर्व्हरचा यूजर म्हणून आत येतो, इकडेतिकडे बघतो आणि त्याला रूटची सेटयूआयडी असलेली जुनी एक्झिमची फाइल दिसते. मेल सर्व्हरवरचा हल्ला मेलमधूनच येतो असं कुणी सांगितलं? इथे मेल सर्व्हर नुसती शिडी आहे. दार वर्डप्रेसचं होतं.

म्हणूनच ‘पोर्ट २५ फायरवॉलवर बंद केलाय’ हे उत्तर ऐकून मला हसू येतं, आणि ‘सर्व्हिसच थांबवलीय’ ऐकून रडू. सर्व्हिस थांबली तरी फाइल डिस्कवर सेटयूआयडीच्या बिटासकट जागच्या जागी असते. तिला चालवायला डेमन, म्हणजे मागे चालणारा सर्व्हरचा प्रोग्रॅम, चालू असावा लागत नाही. सीव्हीई-२०१६-१५३१ बघा. ४.८६.२ च्या आधीचा एक्झिम, त्यात पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची जोड आणि कॉन्फिगमध्ये पर्ल सुरू करायची ओळ, एवढं जमलं की साध्या यूजरने आपल्या एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना सोबत जाणाऱ्या सेटिंगांमधून, पर्लला भलतंच काही उचलायला लावायचं, आणि एक्झिम ते रूट असतानाच उचलायचा. नेटवर्कवर एक पॅकेटही जात नाही. फायरवॉल काय बघणार, कपाळ? त्या दुरुस्तीनंतर एक्झिम एन्व्हायर्नमेंट साफ करू लागला आणि तसा इशारा देऊ लागला, तर आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी शोधलं काय, तो इशारा दिसेनासा कसा करायचा ते.

सर्व्हर नको असेल तर पॅकेज काढून टाका. हवा असेल तर पॅच टाका. मधला रस्ता नाही.

गोंधळाचं उलटं रूपही आहे. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत त्यांच्याच एक्स्चेंज या मेल सर्व्हरचं सीव्हीई-२०२४-२१४१० हे ‘एलिव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज’. नाव वाचून वाटतं, आत असलेल्या कुणाची तरी करामत. प्रत्यक्षात ते नेटवर्कवरून चालतं: दुसऱ्या यूजरचा गळलेला एनटीएलएम हॅश, म्हणजे विंडोजमध्ये पासवर्डच्या जागी चालणारा पुरावा, एक्स्चेंजकडे सरकवायचा आणि त्याच्या नावाने आत यायचं. धोक्याचे गुण १० पैकी ९.८. तेव्हा नुसतं शीर्षक वाचून निकाल देऊ नका. हल्ला नेटवर्कवरून होतो की मशीनवरून, आणि आधी खातं लागतं का, हे सीव्हीईच्या नोंदीतले दोन रकाने वाचा. लोकल प्रकाराला नेहमी मिळणारे ७.८ बघून ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणणाऱ्यांनी तर आकड्यांकडे बघणं सोडलं तरी चालेल.

आणि काही भोकं दोन्ही खुर्च्यांवर बसतात. जून २०१९ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेलं सीव्हीई-२०१९-१०१४९, एक्झिम ४.८७ ते ४.९१. मेल कुणाला पाठवायची त्या पत्त्यातच कमांड लिहायची, आणि डिलिव्हरीच्या वेळी एक्झिम ती रूट म्हणून चालवतो. मशीनवरच्या यूजरला हे लगेच जमायचं. बाहेरच्याला, कॉन्फिग मूळचंच असेल तर, सात दिवस कनेक्शन तुटू न देता दर काही मिनिटांनी एकेक बाइट पाठवत बसावं लागे. तेव्हा बऱ्याच जणांनी "सात दिवस कोण बसतंय" म्हणून हात झटकले. पण कॉन्फिगमध्ये काही नेहमीचे बदल केलेले असतील तर सात दिवस लागतच नव्हते. रशियन लष्करी गुप्तहेरांच्या सँडवर्म या गटाने ऑगस्ट २०१९ पासून हेच वापरल्याचं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मे २०२० मध्ये जाहीर केलं.

मला यातली खटकणारी गोष्ट वेगळी आहे. दुरुस्ती फेब्रुवारी २०१९ च्या ४.९२ मध्ये आधीच होऊन गेली होती, फक्त ती सुरक्षेची आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ४३४४ चंही असंच: ते ४.७० मध्ये २००९ लाच मिटलेलं, पण तेव्हाचा डेबियन ४.६९ वर बसून होता. दोन्ही वेळा ‘चेंजलॉगमध्ये सिक्युरिटी लिहिलेलं नाही, मग अपडेट कशाला’ म्हणणारे सापडले. मेल सर्व्हरच्या बाबतीत हा शहाणपणा मी ऐकून घेत नाही.

निवड माझ्या हातात असेल तर मी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लावतो, आणि यावर वाद घालत बसत नाही. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला, १९९८ मध्ये बाहेर आलेला. त्यात रूटचा सेटयूआयडी असलेली एकही फाइल नाही. मेल रांगेत टाकणारी छोटी कमांड फक्त एका ग्रुपच्या अधिकाराने चालते. बाहेरच्या जगाशी बोलणारा प्रोसेस वेगळा, साध्या यूजरचा; डिलिव्हरी करणारा वेगळा. एकात शिरलात म्हणून दुसऱ्याचे अधिकार हाती लागत नाहीत. तोही धुतल्या तांदळाचा नाही. २००८ मध्ये सीव्हीई-२००८-२९३६ निघालंच, त्यात रूटच्या सिमलिंकला (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीला) हार्डलिंक करून, म्हणजे तिला आणखी एक नाव देऊन, मेल भलत्याच फाइलीत लिहवता यायची. पण अशा गोष्टी तिथे क्वचित घडतात, आणि घडल्या की नुकसान एका खोलीत राहतं.

रूट झाला नाही म्हणजे सुटलो, असंही समजू नका. मेल सर्व्हरच्या साध्या यूजरच्या हातात रांगेतली प्रत्येक मेल असते आणि बऱ्याचदा मेलवर सही करायची डीकिमची किल्लीही. तुर्भ्यातल्या युनिटच्या नावाने गिऱ्हाइकाला ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ अशी खरी सही असलेली मेल पाठवायला त्याला रूट लागतच नाही.

फरक पडतो तो नंतरच्या साफसफाईत. हल्लेखोर साध्या यूजरपुरता अडला असेल तर त्याने काय केलं ते शोधता येतं. रूट झाला असेल तर त्या मशीनवरच्या कुठल्याच गोष्टीवर, लॉगवरसुद्धा, विश्वास ठेवता येत नाही. मशीन नव्याने उभारायचं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे. लॉग त्याच मशीनवर असतील तर रूट झालेल्याने ते केव्हाच पुसलेले असतात, आणि तुम्ही ६ तासांत कळवणार ते काय? म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायचे, पहिल्या दिवसापासून. हे लावायला फार वेळ लागत नाही, पण कोटेशनमधून क्लायंट सगळ्यात आधी खोडतो ती हीच ओळ.