सबॅटिकल रजा

ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर अध्यापकाला शिकवण्याच्या कामातून मोकळे करून, पगार चालू ठेवून, अभ्यास, संशोधन किंवा लेखनासाठी दिली जाणारी दीर्घ रजा. अर्जित किंवा वैद्यकीय रजा अध्यापकाच्या घरच्या वा तब्येतीच्या गरजेसाठी असते. ही रजा त्याच्या विषयासाठी असते. नावातल्या ‘रजा’ या शब्दामुळे अनेकजण तिला पगारी आराम समजतात. तो समज चुकीचा आहे.

‘सबॅटिकल’ या शब्दाचे मूळ हिब्रू ‘शब्बात’मध्ये आहे. त्याचा अर्थ थांबणे, काम बंद ठेवणे. ज्यू धर्मशास्त्राने सातवा दिवस माणसासाठी राखला, तसे सातवे वर्ष जमिनीसाठी. त्या वर्षी शेत पेरायचे नाही, द्राक्षवेल छाटायची नाही, आपसूक उगवेल ते गोरगरिबांनी खावे, असा दंडक होता. जमीन पड ठेवली की तिचा कस भरून येतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

विद्यापीठांत ही कल्पना रुजली ती 1880 मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात. तिथले अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी चार्ल्स लॅनमन यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आपल्याकडे आणताना दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारी रजेची बोली केली. लॅनमन संस्कृतचे पंडित होते, ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. गोव्यातल्या साखवळचे बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी 1910 मध्ये हार्वर्डला गेले, ते त्यांच्याबरोबर ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. ती आवृत्ती छापून यायला 1950 साल उजाडले. असल्या कामाला किती सलग वर्षे लागतात, याचा अंदाज यावरून यावा.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत या रजेची तरतूद आहे. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदावर सात वर्षे सेवा झालेल्या कायम, पूर्णवेळ अध्यापकाला ती मिळू शकते. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष आणि संपूर्ण सेवेत दोन वर्षे, अशी मर्यादा आहे. या काळात पूर्ण वेतन व भत्ते मिळतात, वेतनवाढ थांबत नाही, आणि अध्यापक परत रुजू झाला तर निवृत्तिवेतनासाठी हा काळ सेवेत धरला जातो. दुसरीकडे नियमित नोकरी मात्र करता येत नाही. फेलोशिप घेता येते, आणि तशा वेळी विद्यापीठ पगार कमी करू शकते. अर्जासोबत कामाचा आराखडा द्यायचा आणि परतल्यावर काय केले ते कळवायचे, असा नियम आहे. अध्ययन रजा वेगळी. ती सेवेच्या सुरुवातीच्या टप्प्यातील अध्यापकांसाठी असते आणि तिच्यासाठी बंधपत्र लिहून द्यावे लागते. शालेय शिक्षकांना हे विनियम लागू नाहीत.

रजेची गरज कुठे भासते, हे इतिहासाच्या अध्यापकाकडे पाहिले की कळते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडून बसले, की पहिले काही दिवस नुसते एका कारकुनाचे वळण डोळ्यांत बसण्यात जातात. ‘न’ कुठे संपतो आणि ‘त’ कुठे सुरू होतो हे उमगू लागते तेव्हा कुठे मजकूर बोलू लागतो. मधे आठवडाभर खंड पडला तर नजर पुन्हा परकी होते. आठवड्याला चौदा तासिका, शिवाय परीक्षा, समित्या आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली सांभाळणाऱ्या माणसाला ही सलगता मिळायची कशी? प्रयोगशाळेतल्या किंवा क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाची अडचणही याच जातीची. आणि वर्गातल्या मुलांनाही दहा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्सपेक्षा अधिक काही मिळायला हवे.

प्रत्यक्षात मोठ्या विद्यापीठांबाहेर ही रजा फारशी घेतली जात नाही. विभागात दोनच पूर्णवेळ अध्यापक असले की ‘तुमचे तास कोण घेणार?’ हा पहिला प्रश्न येतो, आणि तो रास्तही असतो, कारण ते तास सहकाऱ्याच्या किंवा तासिका तत्त्वावरच्या एखाद्या तरुणाच्या गळ्यात पडतात. त्यामुळे अर्ज करायलाच माणूस कचरतो. मग अभ्यास उन्हाळ्याच्या सुटीवर ढकलला जातो, आणि तिचे पहिले आठवडे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत निघून जातात.